प्रीरिक्विझिट विषय: कॉम्प्युटर शिकवणारे त्यांच्याकडे कसं बघतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवतो. खालचे प्रश्न बी.ई., बी.एससी. कॉम्प्युटर सायन्स आणि एमसीएच्या मुलामुलींकडून दर सेमिस्टरच्या तोंडावर येतात, बरेचसे रात्री अकरानंतर व्हॉट्सअॅपवर. उत्तरं शिकवणाऱ्याच्या बाजूने दिली आहेत. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या नियमांसाठी आपापल्या विद्यापीठाचं परिपत्रकच बघावं.

१. सिलॅबसमध्ये प्रत्येक विषयाच्या वर 'प्रीरिक्विझिट' (हा विषय घेण्याआधी कोणता विषय झालेला हवा) अशी ओळ असते. ती नेमकी कोणासाठी असते?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नच्या सिलॅबसमध्ये जवळजवळ प्रत्येक विषयाला ती सापडेल. तिच्याच खाली 'कम्पॅनियन कोर्स' अशी आणखी एक ओळ असते, म्हणजे त्याच सेमिस्टरला सोबत चालणारी लॅब किंवा विषय. अभ्यास मंडळ ही ओळ विषयांचा क्रम लावताना लिहितं. विद्यार्थी ती वाचतच नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही.

आम्ही मात्र ती नीट वाचतो, कारण काय शिकवायचं *नाही* ते तिच्यावरून ठरतं. डिझाइन अँड अॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्सच्या वर 'डेटा स्ट्रक्चर्स' लिहिलं असेल, तर हीप (ट्रीचा एक प्रकार) म्हणजे काय हे मी सांगत बसणार नाही. सेमिस्टरला चाळीस-बेचाळीस तास मिळतात. त्यातले सहा मागच्या वर्षाच्या उजळणीत गेले, तर शेवटचं युनिट 'सेल्फ स्टडी' होतं आणि प्रश्न मात्र त्याच्यावरच येतो.

२. आधीच्या विषयात केटी असेल, म्हणजे तो राहिला असेल, तर पुढचा विषय घेता येतो का?

संलग्न कॉलेजात बहुतेक वेळा येतो. आपल्याकडे विषय सुटे निवडायचे नसतात, अख्खं सेमिस्टर एकदम घ्यायचं असतं. त्यामुळे वरच्या वर्गात जायचं की नाही हे एटीकेटीचा (काही विषय राहिले तरी पुढे जाऊ देण्याचा) नियम ठरवतो आणि त्यात एकूण किती विषय किंवा क्रेडिट राहिलीत एवढंच मोजलं जातं. कोणता विषय राहिलाय हे कोणी बघत नाही. डेटा स्ट्रक्चर्स राहिलेला मुलगा ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात हक्काने बसतो. एक अडथळा बऱ्याच ठिकाणी आहे, पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्याला प्रवेश मिळत नाही. त्यातून गणित अप्रत्यक्षपणे अडवलं जातं, पण प्रोग्रॅमिंगची साखळी कोणीच अडवत नाही.

जिथे विषयवार नोंदणी असते तिथे चित्र वेगळं. आयआयटी मद्रासच्या २०२० साली सुरू झालेल्या ऑनलाइन बी.एस. डेटा सायन्समध्ये आधी क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी, पार करावा लागतो, मग फाउंडेशनचे आठ विषय, आणि ते सुटल्याशिवाय डिप्लोमा पातळी उघडत नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलनला १५-१२२ या विषयात किमान 'सी' ग्रेड नसेल तर १५-२१३ हा सिस्टिम्सचा विषय मिळत नाही. आपल्याकडे ही ओळ छापली जाते आणि तिकडे ती अंमलात येते, एवढाच फरक. अंमलबजावणी नसल्यामुळे इथे सगळा भार शिकवणाऱ्यावर आणि तुमच्यावर येतो.

३. मार्कशीटवर तो विषय 'पास' दिसतोय. सरांना तेवढं पुरतं ना?

नाही, आणि यात तुमच्यावर अविश्वास दाखवायचा हेतू नसतो. चाळीस टक्क्यांचं पासिंग म्हणजे सहातली दोन युनिटं ऑप्शनला टाकूनही विषय आरामात सुटतो. टाकलेली युनिटं बहुधा ट्री आणि ग्राफ असतात, आणि पुढच्या वर्षी मला नेमकी तीच लागतात. शिवाय प्रोग्रॅम पाठ करून लिहिता येतो. स्टॅकच्या पुश-पॉपचा कोड अक्षर न् अक्षर बरोबर लिहिणारी मुलं मी बघतो. 'अॅरे भरलेला असताना टॉपची किंमत किती?' म्हटलं की ती शेजाऱ्याकडे बघतात.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन यांच्या नेतृत्वाखालच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने चार विद्यापीठांतल्या, पहिला प्रोग्रॅमिंग विषय झालेल्या २१६ विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरसारखे छोटे प्रोग्रॅम लिहायला दिले. शिकवणाऱ्यांच्या मते ते जमायला हवे होते. सरासरी आली ११० पैकी २२.८९. त्यानंतर २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांत तपासलं की, लिहिणं राहू द्या, दिलेला कोड वाचून उत्तर तरी सांगता येतं का. बऱ्याच जणांना तेही डळमळीत होतं.

म्हणून आमच्यातले अनेक जण पहिल्याच लॅबला मॉनिटर बंद ठेवायला सांगतात आणि कागद देतात. ऑपरेटिंग सिस्टिमला माझा ठरलेला प्रश्न असा: फोर्क (चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, प्रत काढणारा कॉल) लागोपाठ तीनदा कॉल केला, एकूण किती प्रोसेस? सहा, चार, तीन अशी सगळी उत्तरं येतात. उत्तर आठ आहे, कारण प्रत्येक कॉलला त्या क्षणी जिवंत असलेल्या सगळ्या प्रोसेस दुप्पट होतात. यात ऑपरेटिंग सिस्टिमचं ज्ञान जेमतेम एका वाक्याचं. बाकी सगळं ओळीमागून ओळ वाचत ट्री काढणं, म्हणजे मागच्या वर्षाचं काम. ज्याने ट्री काढला त्याचं उत्तर चुकलं तरी मला काळजी नसते.

४. मग नक्की काय यायला हवं? विषयवार सांगा.

पूर्ण मागचा विषय कोणालाच नको असतो. प्रत्येक विषयाला मागच्यातले दोन-तीन तुकडेच लागतात, पण ते पक्के लागतात.

*डेटा स्ट्रक्चर्स:* पॉइंटर, स्ट्रक्चर आणि फंक्शनला व्हॅल्यू कशी जाते हे. दरवर्षी दिसणारी चूक सांगतो. लिंक्ड लिस्टच्या (एकमेकांना जोडलेल्या नोडच्या साखळीच्या) सुरुवातीला नोड घालायचं फंक्शन लिहिलं, त्याला हेड (पहिल्या नोडकडे बोट दाखवणारा पॉइंटर) पाठवलं, आत नवा नोड बनवला, त्याचा नेक्स्ट जुन्या हेडकडे वळवला आणि शेवटी हेड बरोबर नवा नोड असं लिहिलं. सगळं बरोबर. मेनमध्ये परत येऊन प्रिंट केलं तर लिस्ट रिकामी! कारण फंक्शनला हेडची कॉपी गेली होती, बदल कॉपीत झाला. यावर मुलं लिंक्ड लिस्ट पुन्हा वाचायला घेतात. खरं तर पहिल्या वर्षाचा पॉइंटरचा धडा उघडायला हवा. शिकवणारा हे बघून ओळखतो की पोराला लिस्ट समजली आहे आणि सी राहिलंय.

*अल्गोरिदम्स:* रिकर्शन आणि लॉगॅरिदम. मर्ज सॉर्टचं दोन टी ऑफ एन बाय टू अधिक एन हे समीकरण मांडता येतं, पण उत्तर एन लॉग एन का, हे सांगताना गाडी अडते. एन निम्मा निम्मा करत एकपर्यंत यायला लॉग एन पायऱ्या लागतात, एवढी दहावी-अकरावीची गोष्ट निसटलेली असते.

*नेटवर्क्स:* बायनरी. आयपी पत्त्यामागचं स्लॅश २६ म्हणजे ३२ पैकी होस्टसाठी ६ बिट, म्हणून ६४ पत्ते, त्यातले वापरता येण्यासारखे ६२. हे बोटांवर आलं नाही तर सबनेटिंगची (नेटवर्कचे तुकडे पाडायची) सगळी गणितं डोंगर वाटतात. बाकी या विषयाला कोरा माणूसही चालतो.

*डेटाबेस:* फार काही नाही. संच, रिलेशन, आणि 'सगळे' व 'काही' यातला फरक. एसक्यूएल आम्ही शून्यापासूनच शिकवतो.

*कम्पायलर:* ऑटोमाटा (कॉम्प्युटरची गणिती मॉडेल्स) आणि स्टॅक.

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनसाठी प्रश्न ६ आणि मशीन लर्निंगसाठी प्रश्न ९ पाहा.

५. मला सी येत नाही, पायथन चांगलं येतं. डेटा स्ट्रक्चर्सला चालेल?

संकल्पनेला चालेल, लॅबला बहुधा नाही. लॅब कोणत्या भाषेत घ्यायची हे सिलॅबस आणि एक्स्टर्नल (बाहेरून येणारे परीक्षक) ठरवतात. पायथनमधून आलेल्यांना लूप, फंक्शन, रिकर्शन येतं. मेमरी कधी हातात घेतलेली नसते, त्यामुळे प्रश्न ४ मधली हेडची चूक त्यांच्या हातून हमखास होते. दोन-तीन आठवडे रोज तासभर नुसते पॉइंटरचे डायग्राम काढले तर फरक भरून निघतो. उलट बाजूने, सी पक्कं असलेल्याला पायथनला जायला आठवडाही पुरतो. म्हणूनच जुनी मंडळी पहिल्या वर्षी सीचा आग्रह धरतात. नवे सहकारी म्हणतात की पहिल्याच सेमिस्टरला सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम बंद पडणं) दाखवून पोरांना पळवून कशाला लावायचं? आमच्या स्टाफरूममध्ये हा वाद मिटलेला नाही.

६. डिस्क्रीट मॅथ्सचा आणि कोडिंगचा काय संबंध? तो का आधी घ्यावा लागतो?

कोडिंगशी थेट संबंध कमी दिसतो, म्हणून मुलं हा विषय मनापासून करत नाहीत. त्याची किंमत वर्षभराने थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये मोजावी लागते.

पम्पिंग लेमा (एखादी भाषा रेग्युलर नाही हे दाखवायला वापरतात ते प्रमेय) घ्या. भाषा, म्हणजे स्ट्रिंगचा संच, रेग्युलर (फाइनाइट ऑटोमाटाने ओळखता येणारी) असेल तर असा एक आकडा *असतो*, की त्याहून लांब, भाषेतल्या *प्रत्येक* स्ट्रिंगचे असे तीन तुकडे *पाडता येतात*, की मधला, रिकामा नसलेला तुकडा *कितीही* वेळा लिहिला तरी स्ट्रिंग भाषेतच राहते. भाषा रेग्युलर नाही हे दाखवायचं तर हे सगळं उलटवायचं. आकडा समोरचा देईल, स्ट्रिंग मी निवडेन, तुकडे समोरचा पाडेल, किती वेळा लिहायचं ते मी ठरवेन. निम्मा वर्ग इथे तुकडे स्वतःच पाडून मोकळा होतो आणि पाचपैकी एक मार्क घेतो. ऑटोमाटा त्यांना उत्तम येत असतो. चुकलेलं असतं ते 'किमान एक'चा नकार करताना 'प्रत्येक' येतो हे, म्हणजे डिस्क्रीट मॅथ्सचं पहिलं युनिट. तीच गत इंडक्शनची. लूप दर फेरीनंतर काय खरं ठेवतो, हे सांगायची ती एकच भाषा आहे.

एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०१३ च्या अभ्यासक्रम-शिफारशीत 'डिस्क्रीट स्ट्रक्चर्स' असा स्वतंत्र विभाग होता. २०२३ च्या आवृत्तीत त्याच्या जागी गणित आणि संख्याशास्त्र अशा दोन्हींचा पाया देणारा मोठा विभाग आला, त्यात लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटीही आहे. म्हणजे गणिताची यादी वाढतच चालली आहे.

७. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलोय. बारावीवाल्यांच्या मागे पडेन का?

तिसऱ्या सेमिस्टरला बहुधा पुढेच असाल. एमएसबीटीईच्या (महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) कॉम्प्युटर डिप्लोमात सी, सीमधून डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, डिजिटल टेक्निक्स असं बरंच होऊन गेलेलं असतं आणि लॅबमध्ये हात बसलेला असतो. पहिल्या महिन्यात शेजारच्याला कोड दाखवणारी मुलं बहुतेक डिप्लोमाचीच असतात.

अडचण गणिताची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित तुम्ही त्या स्वरूपात केलेलं नसतं आणि सिलॅबसमधली प्रीरिक्विझिटची ओळ ते झालंय असं धरून चालते. मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, पार्शल डेरिव्हेटिव्ह एवढं दुसऱ्या वर्षाच्या दिवाळी सुट्टीत करून टाका. तुमच्याकडे आम्ही कसं बघतो विचाराल, तर प्रॅक्टिकलला भरवशाचे आणि थिअरीच्या पेपरला बेफिकीर. दुसरा शिक्का खोटा पाडला तर आनंदच आहे.

८. बी.कॉम. करून एमसीएला आले आहे. ब्रिज कोर्स (पाया भरून काढणारा छोटा अभ्यासक्रम) केला म्हणजे प्रीरिक्विझिट पूर्ण झालं का?

कागदोपत्री, हो. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२०-२१ पासून एमसीए तीनाचं दोन वर्षांचं केलं. कॉम्प्युटरची पदवी नसलेल्यांना ब्रिज कोर्सच्या अटीवर प्रवेश मिळतो. गेलेलं एक वर्ष हे मुख्यतः पायाचंच वर्ष होतं, ते आता काही आठवड्यांत कोंबलेलं असतं.

शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्यामुळे बी.सी.ए.वाले आणि बी.कॉम.वाले एकाच बाकावर असताना कोणाकडे बघून शिकवायचं हा आमचा रोजचा पेच आहे. बहुतेक जण मधोमध शिकवतात आणि दोन्ही टोकं नाराज राहतात. ताई, तुम्ही एकच करा. ब्रिज कोर्सच्या नोट्स बाजूला ठेवा आणि प्रश्न ४ मधले डेटा स्ट्रक्चर्सचे तुकडे कागद-पेन्सिलीने करा. कॉम्प्युटरची शब्दावली दोन महिन्यांत आपोआप अंगवळणी पडते, तिची धास्ती नको. हिशोबाची शिस्त तुमच्याकडे आधीच आहे, डेटाबेसला ती उपयोगी पडते.

९. मशीन लर्निंगचं इलेक्टिव्ह घ्यायचंय. गणित किती लागेल?

सिलॅबसमधल्या ओळीत दिसतं त्यापेक्षा जास्त. लायब्ररी वापरून मॉडेल चालवायला जवळजवळ शून्य लागतं, म्हणून तर हे इलेक्टिव्ह पहिल्या दिवशी भरतं. १०० ओळी आणि ३ कॉलमचा डेटा, तर वेट्सचं मॅट्रिक्स ३ गुणिले १ का, हे न अडखळता सांगता आलं, चेन रूलने एक डेरिव्हेटिव्ह काढता आलं आणि बेजचा नियम आकडे घालून सोडवता आला, तर खुशाल घ्या.

१०. एनपीटीईएलचं (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसचं) सर्टिफिकेट दाखवलं तर आधीचा विषय झाला असं धरतात का?

प्रशासन धरेल की नाही हे क्रेडिट ट्रान्सफरच्या नियमावर आहे. शिकवणारा म्हणून सांगायचं तर एनपीटीईएलला वजन आहे, कारण शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिला ७५ टक्के भार असतो. असाइनमेंटच्या २५ टक्क्यांवर मात्र आम्ही फारसं जात नाही, त्यांची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात हे आम्हालाही माहीत आहे. नुसतं व्हिडिओ पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट असेल तर फाइलला लावा, आम्हाला दाखवू नका.

११. प्रीरिक्विझिट झालेलं नाही, तरी विषय घ्यायचाय. परवानगी कशी मागू?

ऑनर्स, मायनर किंवा स्वायत्त कॉलेजातल्या इलेक्टिव्हला ही वेळ येते. 'सर, मला खूप इंटरेस्ट आहे' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलेलं असतं की कानापर्यंत पोचत नाही. विषयाचं पहिलं असाइनमेंट किंवा मागच्या वर्षीचा इन-सेम (सेमिस्टरच्या मधला) पेपर मिळवा, स्वतः सोडवा, अडलेली जागा घेऊन केबिनमध्ये या. 'हे दोन जमले, तिसऱ्यात इथे अडलो' म्हणणाऱ्याला मी आजवर नाही म्हटलेलं नाही. सेमिस्टर सुरू होऊन महिना झाल्यावर येऊ नका. तेव्हा हो म्हणणं तुमच्याच अंगाशी येतं.

१२. एमएससाठी अमेरिकेला अर्ज करतोय, बी.ई. मेकॅनिकलची आहे. तिथे हे कसं बघतात?

तिथे दोन गाळण्या असतात. पहिली प्रवेशाच्या वेळी. डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्क्रीट मॅथ्स यातलं काय झालंय हे ट्रान्सक्रिप्टवर शोधतात. नसेल तर काही विद्यापीठं नाकारतात, काही जास्तीचे पायाभूत विषय घ्यायच्या अटीवर घेतात. त्यांची फी तुमच्याच खिशातून जाते आणि पदवीच्या क्रेडिटमध्ये ते अनेकदा धरले जात नाहीत.

दुसरी गाळणी वर्गात. कार्नेगी मेलनमध्ये वरच्या पातळीच्या अनेक सिस्टिम्स विषयांना १५-२१३ लागतो आणि तो न केलेल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी १५-५१३ हे त्याचंच रूप ठेवलेलं आहे. त्यात मॅलॉक (प्रोग्रॅमला मेमरी मिळवून देणारं फंक्शन) स्वतः लिहावा लागतो. आपल्याकडे ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्टिंक्शन असलेली मुलंही इथे घामाघूम होतात, कारण त्यांनी मॅलॉक फक्त कॉल केलेला असतो. जॉर्जिया टेकचा २०१४ साली सुरू झालेला ऑनलाइन एमएस याच्या उलट. तिथे बहुतेक विषयांत तयारी आहे की नाही हे तुम्हीच तपासून ठरवायचं, अडवायला कोणी नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या पॅटर्नच्या सिलॅबसची पीडीएफ आत्ताच जपून ठेवा. समकक्षतेसाठी तिथला प्राध्यापक विषयाचं नाव बघत नाही, युनिटवार मजकूर मागतो. पॅटर्न बदलला की जुनी पीडीएफ शोधताना नाकी नऊ येतात.

१३. सगळ्या प्राध्यापकांचं यावर एकमत असतं का?

छे. ढोबळमानाने तिघे. पहिले म्हणतात, ओळ छापली आहे ती पाळा, मी मागचं शिकवणार नाही. दुसरे पहिले दोन आठवडे उजळणीत घालतात, मनाने चांगले असतात, पण त्यांचं शेवटचं युनिट नेहमी घाईत होतं. तिसरे मोकळेपणाने सांगतात की प्रीरिक्विझिट ही गर्दी आवरायची युक्ती आहे. सत्तर जागा आणि दोनशे अर्ज असले की अट घातलेली बरी पडते. मला ही तिसरी सवय खटकते. अट वाढवली की सगळ्यात आधी गळतो तो कष्टाने आलेला आणि उशिरा सुरुवात केलेला विद्यार्थी. साखळीतला एक विषय अडला तर अख्खं वर्ष लांबतं ते त्याचंच. मी स्वतः पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये आहे. उजळणी घेतो, पण तासाबाहेर, शनिवारी.

१४. ओळीत लिहिलेलं कधी लागलंच नाही, आणि न लिहिलेलं लागलं. असं का?

पहिल्याचं कारण आळस. जुन्या सिलॅबसमधली ओळ नव्यात तशीच उतरते. दुसरं जास्त गंभीर आहे. टर्मिनलवर फोल्डर बदलणं, एररचा मेसेज शेवटपर्यंत वाचणं, डीबगर (चूक शोधायचं साधन) लावणं, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन), इंग्रजी डॉक्युमेंटेशन चाळून हवी ती ओळ काढणं, हे कुठल्याच विषयाच्या वर छापलेलं नसतं आणि सगळ्यांना लागतं. ज्यांच्या घरी लॅपटॉप अकरावीपासून आहे त्यांना हे नकळत येतं, बाकीच्यांना वाटतं आपण ढ आहोत. विभागाने पहिल्या सेमिस्टरला याची एक लॅब ठेवावी असं मी मीटिंगमध्ये दरवर्षी बोलतो, ते मिनिट्समध्येही येतं.

१५. चॅटजीपीटी कोड लिहून देतो. तरी हे सगळं लागेल?

ओरलला लागेल. प्रश्न ४ मधल्या हेडच्या फंक्शनची एक ओळ खोडून 'आता काय होईल?' असं एक्स्टर्नल विचारतात, फोन बाहेर ठेवलेला असतो.

१६. विषय झालाय, चांगले मार्कही होते, पण वर्षभरात सगळं विसरलो. कुठून सुरू करू?

नोट्स पहिल्या पानापासून वाचू नका, त्यात ओळखीचं बघून 'येतंय की' असं वाटतं आणि आठवडा जातो. पुढच्या विषयाच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडा आणि जिथे मागचं गृहीत धरलंय तिथे थांबा. तेवढाच तुकडा मागे जाऊन करा. साधारण चार-पाच ठिकाणी थांबावं लागतं. डेटा स्ट्रक्चर्सची केटी आणि अल्गोरिदम्स एकाच सेमिस्टरला आलं असेल तर मात्र आधी केटीच्या पेपरची पूर्ण तयारी करा. अल्गोरिदम्सच्या इन-सेमला दोन मार्क कमी पडले तरी चालतील, ट्री आणि ग्राफ एकदा नीट झाले की एंड-सेमला ते भरून निघतात.